तुझ्याकडे रोखलेलं बोट

बालमित्रांनो, एक कोरा कागद घ्या आणि त्यावर एक चेहरा काढा. भरघोस मिशा, डोक्यावर लष्करी टोपी, नजर थेट समोर. आता त्याचा एक हात असा काढा, की त्याचं बोट बघणाऱ्याकडे रोखलेलं दिसेल. हात आणि मनगट बाजूने दाखवायचं नाही. फक्त बोटाचं टोक आणि त्यामागची मूठ. जमलं? आता तो कागद भिंतीवर चिकटवा आणि खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. काय होतं? बोट तुमचा पाठलाग करतं! डावीकडे जा, तिकडे. उजवीकडे जा, तिकडे. दादाला एका कोपऱ्यात आणि आईला दुसऱ्या कोपऱ्यात उभं करा. दोघंही म्हणतील, "माझ्याकडेच दाखवतोय की!"

यात जादू काही नाही. खरा माणूस तुमच्याकडे बोट करून उभा असेल आणि तुम्ही बाजूला सरकलात, तर तुम्हाला त्याच्या बोटाची लांबी दिसू लागते, गालाची बाजू दिसते. चित्र मात्र सपाट. त्याला बाजूच नसते. समोरून जे दिसतं तेच कोपऱ्यातूनही दिसतं. म्हणून ते बोट कुणालाच सोडत नाही.

ही साधी युक्ती वापरून काढलेल्या एका चित्राची ही गोष्ट आहे. आणि त्या चित्रात जे काढलेलंच नव्हतं, त्याचीही.

एक साप्ताहिक, एक मुखपृष्ठ

साल १९१४. ४ ऑगस्टला इंग्लंड पहिल्या महायुद्धात उतरलं. जर्मनीकडे आणि फ्रान्सकडे लाखांची फौज होती, कारण तिथे तरुणांना सक्तीने लष्करात जावं लागे. इंग्लंडमध्ये तशी सक्ती नव्हती. ज्याला वाटेल तो भरती होई. त्यामुळे फौज लहान होती.

युद्धमंत्री म्हणून लॉर्ड किचनेर यांना नेमलं गेलं. हे गृहस्थ आपल्याकडे अनोळखी नव्हते. १९०२ ते १९०९ या काळात ते हिंदुस्थानातल्या सैन्याचे सरसेनापती होते. "नाताळपर्यंत युद्ध आटोपेल," असं पुष्कळ लोक म्हणत होते. किचनेर यांना मात्र ते काही वर्षं चालेल असं वाटत होतं. त्यांनी पहिल्या झटक्यात एक लाख माणसं मागितली.

लंडनमध्ये तेव्हा 'लंडन ओपिनियन' नावाचं एक स्वस्त साप्ताहिक निघे. आल्फ्रेड लीट नावाचा चित्रकार त्यात विनोदी चित्रं काढायचा. ५ सप्टेंबर १९१४ च्या अंकाचं मुखपृष्ठ त्याने काढलं. त्यावर किचनेर यांचा चेहरा, रोखलेलं बोट आणि खाली मजकूर, की तुझ्या देशाला तुझी गरज आहे. पुढे त्याचंच भरतीचं पोस्टर झालं. मूळ चित्र आज लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये जपून ठेवलेलं आहे.

या युक्तीची नक्कल किती जणांनी केली म्हणता! अमेरिकेत जेम्स मॉन्टगोमेरी फ्लॅग या चित्रकाराने उंच टोपीवाला, पांढऱ्या दाढीचा 'अंकल सॅम' काढला. त्यालाही तसंच बोट. मॉडेल म्हणून कुणाला बसवायचं? त्याने आरशात पाहून स्वतःचाच चेहरा वापरला आणि त्याला दाढी लावली! १९१७-१८ मध्ये त्या पोस्टरच्या चाळीस लाखांवर प्रती छापल्या गेल्या. १९२० मध्ये रशियात दिमित्री मूर या चित्रकाराने लाल पोशाखातला सैनिक काढला. तोही बोट रोखून विचारतो, की तू नाव नोंदवलंस का? देश वेगळे, झेंडे वेगळे, आपसांत वैरही. बोट मात्र तेच!

चित्राचा की बातमीचा प्रताप?

आता एक गंमत पाहा. या एका चित्रामुळे इंग्लंडमधले लाखो तरुण धावत सुटले, असं बरीच वर्षं सांगितलं जाई. पण तारखा नीट जुळवल्या तर काय दिसतं? फ्रान्समध्ये इंग्रज फौजेला माघार घ्यावी लागल्याची बातमी ऑगस्टच्या अखेरीस वर्तमानपत्रांत आली. लोक हादरले. भरतीच्या कचेऱ्यांबाहेर रांगा लागल्या. ३ सप्टेंबर या एका दिवसात ३३ हजारांहून जास्त लोक भरती झाले. आणि लीटचं मुखपृष्ठ कधीचं? ५ सप्टेंबरचं! म्हणजे सगळ्यांत मोठी लाट चित्राच्या आधीच उसळली होती. अलीकडच्या अभ्यासकांना असंही दिसून आलं, की ते चित्र त्या काळी आपण समजतो तितकं जागोजागी लागलेलं नव्हतं. ते खरं प्रसिद्ध झालं नंतर.

मग लोक का गेले? काहींना देशाचं प्रेम होतं. काहींच्या हातचं काम गेलं होतं आणि लष्करात पगार व जेवण मिळणार होतं. कुणाला गिरणीचा आणि खाणीचा कंटाळा आला होता, जग पाहायचं होतं. आणि पुष्कळ जण गेले ते मित्र गेले म्हणून.

ही शेवटची गोष्ट सरकारच्या बरोबर लक्षात आली. "एका गावचे, एका कचेरीतले, एका क्लबातले मित्र एकत्र भरती व्हा, आम्ही तुम्हाला एकाच पलटणीत ठेवू," असं जाहीर झालं. या पलटणींना 'पाल्स', म्हणजे दोस्तांच्या पलटणी, म्हणत. आपल्याकडे एका आळीतली, एकाच तालमीतली सगळी पोरं मिळून गेली असती ना, तसं.

अ‍ॅक्रिंग्टन हे उत्तर इंग्लंडमधलं गिरण्यांचं गाव. तिथल्या आणि आसपासच्या पोरांची अशीच एक पलटण होती. १ जुलै १९१६ च्या सकाळी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ती पुढे सरकली. सुमारे ७२० जण होते. अर्ध्या तासाच्या आत त्यांतले ५८४ जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. बरोबर गेलेले बरोबरच पडले. गावात रस्तेच्या रस्ते सुतकात गेले.

लाज वाटायला लावणारी चित्रं

बोट रोखून भागत नाही असं दिसलं, तेव्हा दुसरा उपाय निघाला. लाज वाटायला लावणं.

१९१५ मधलं एक पोस्टर आहे. आरामखुर्चीत बाबा बसलेत. मांडीवर छोटी मुलगी, पायाशी मुलगा खेळण्यातले शिपाई मांडतोय. मुलगी विचारते आहे, की बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलं? आणि बाबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. सॅव्हिल लमली या चित्रकाराने ते काढलं. मुलांनो, नीट लक्ष द्या. इथे शत्रू नाही, तोफ नाही. बाबांना लढाईला पाठवायला पोस्टरवाल्यांनी कुणाला कामाला लावलं? तुमच्याएवढ्या मुलांना!

त्याआधी, ३० ऑगस्ट १९१४ रोजी, फोकस्टन या बंदराच्या गावी एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने तीस स्त्रिया जमवल्या आणि त्यांच्या हाती पांढरी पिसं दिली. साध्या कपड्यांतला तरुण दिसला की त्याला पीस द्यायचं. पांढरं पीस म्हणजे भित्रेपणाची खूण. जणू आपल्याकडचा बांगड्यांचा आहेर! हे लोण देशभर पसरलं. कित्येकदा ते पीस रजेवर आलेल्या सैनिकाला, जखमी होऊन घरी आलेल्यालाही मिळालं. कपड्यांवरून माणूस ओळखायला गेलं की असं होतं.

आणि मग मुलं! नियम होता की भरतीला अठरा वर्षं पूर्ण हवीत आणि परदेशी लढायला एकोणीस. पण जन्मदाखला कुणी मागत नसे. तोंडाने सांगाल ते वय. भरती करणाऱ्या सार्जंटला माणसामागे थोडे पैसे मिळत, मग तो कशाला खोदून विचारतो? "वय सोळा" म्हणणाऱ्या पोराला "जा, बाहेर एक फेरी मारून ये, बघू तोवर मोठा होतोस का!" असं सांगितलं जाई, अशी आठवण पुढे अनेक म्हाताऱ्या सैनिकांनी सांगितली आहे. सिडनी लुईस हा लंडनचा मुलगा ऑगस्ट १९१५ मध्ये भरती झाला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. बारा! म्हणजे आपल्या सहावी-सातवीतला. तेराव्या वर्षी तो सोमच्या लढाईत होता. शेवटी त्याच्या आईने सरकारकडे त्याचा जन्मदाखला पाठवला आणि त्याला परत आणलं. तो वाचला. सगळ्यांच्या आयांना पत्ता लागला नाही.

एवढं करूनही माणसं पुरेनात. जानेवारी १९१६ मध्ये इंग्लंडने सक्तीच्या भरतीचा कायदा केला. बोट गेलं, हुकूम आला.

आपल्याकडचं बोट

त्या वेळी हिंदुस्थानावर इंग्रजांचं राज्य होतं. हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं या युद्धात गेली. काही लढायला, काही ओझी वाहायला, खेचरं हाकायला, रुग्णांची सेवा करायला. त्यांतली सुमारे ७४ हजार परतली नाहीत. दिल्लीचं इंडिया गेट प्रथम बांधलं गेलं ते यांच्याच स्मरणार्थ.

आपल्याकडेही भरतीची पोस्टरं होती. एका पोस्टरावर लष्करी पोशाख, बंदूक आणि रुपये यांची चित्रं आहेत आणि प्रश्न केला आहे, की हे कोण घेणार? जो फौजेत येईल तो! पोशाख आहे, पण आत माणूस नाही. ती जागा रिकामी ठेवली आहे, बघणाऱ्याने स्वतःला त्यात कल्पावं म्हणून. इथे बोट दाखवायची गरजच पडली नाही. शिपायाला महिना ११ रुपये पगार होता. कोरडवाहू जमिनीवर पोट भरणाऱ्या घराला ती मोठी रक्कम होती. पंजाबात तर गावागावांना आकडे ठरवून दिले गेले आणि जबरदस्तीही झाली.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या भागांतून मराठा पलटणींत माणसं गेली. त्यांतली पुष्कळ मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढली. तिथल्या एका मोठ्या फौजेचं नावच 'पुणे डिव्हिजन' होतं. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ अखेरपर्यंत ही फौज कुत नावाच्या गावात तुर्की वेढ्यात अडकली. धान्य संपलं, घोडे मारून खायची पाळी आली. शेवटी शरण जावं लागलं आणि कैदेत हजारो मेले. मावळातल्या कुणा आईने कुत हे नाव तरी कधी ऐकलं होतं का?

आणखी एक गोष्ट, जी चित्रात कधीच दिसत नाही. बोट सगळ्यांकडे रोखलेलं नव्हतं! महार समाजातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांच्या सैन्यात होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत. पलटणीमुळे अशा घरांत अक्षर शिरलं. पण १८९० नंतरच्या काही वर्षांत 'लढाऊ जाती'च तेवढ्या घ्यायच्या असं धोरण आलं आणि महारांची भरती बंद झाली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट इंग्लंडच्या सरकारकडे अर्ज केला, की आमच्यासाठी दार उघडा. ते उघडलं कधी? युद्धात माणसं कमी पडू लागल्यावर, १९१७ मध्ये. १११ वी महार पलटण उभी राहिली. आणि युद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये, ती मोडून टाकली! दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज पडली, तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट सुरू झाली. ती आज भारतीय सैन्यातली एक मानाची रेजिमेंट आहे.

बोटाच्या पलीकडे

आमच्या चौथीच्या वर्गात मी हे बोटवालं चित्र फळ्यावर काढलं आणि "यात काय काय दिसतं?" असं विचारलं. टोपी, मिशा, बोट अशी उत्तरं आली. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, बोट ज्याच्याकडे आहे तो कुठंय?" वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. ज्याला बोलावलं जातंय तो चित्रात नसतोच. तो कोण, त्याच्या घरी कोण आहे, तो परत येणार का, यातलं काहीही चित्र सांगत नाही. ते फक्त "तू" म्हणतं.

मग "तू" म्हटलेल्या त्या माणसाचं पुढे काय होतं? ते पाहायला लंडनला जायला नको. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात, इतकी तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जातात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान मारले गेले. इंग्रज सरकारने तिथे त्यांचं स्मारक उभारलं. महाराष्ट्रातल्या इतरही पुष्कळ गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक छोटी शिळा बसवलेली आढळते. या गावातून महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. वर्षं १९१४ ते १९१९. बऱ्याच शिळांवर नावं नाहीत. फक्त आकडे!

इराकमध्ये बसऱ्याजवळच्या मोठ्या स्मारकाचंही तसंच. तिथे इंग्रज शिपायांची नावं कोरली गेली, पण हिंदी शिपायांची फक्त संख्या. ही वागणूक बरोबर नव्हती हे सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ संस्थेने २०२१ मध्ये स्वतःच मान्य केलं आणि माफी मागितली. तोवर शंभर वर्षं उलटून गेली होती.

पाहिलंत ना? बोलावताना "तू", मोजताना आकडा.

म्हणून सैनिकांचा मान राखायचा नाही का? राखायचाच. आपल्या कित्येक घरांत खुंटीला टोपी आणि भिंतीवर पदकं आहेत. आपल्यातले काही जण पुढे लष्करात जातील, आणि त्यांचा आम्हा शिक्षकांना अभिमानच वाटेल. स्वतंत्र भारताने कधीही सक्तीची भरती केलेली नाही. आपले जवान स्वतःहून जातात. पण स्वतःहून जायचं म्हणजे सगळं माहीत करून घेऊन जायचं. खरा मान तोच, ज्यात शिपायाचं नाव, त्याचं घर आणि त्याच्या घरच्यांचे हाल आपल्याला माहीत असतात.

लहान मुलांबाबत तर जगानेच आता नियम केला आहे. अठरा वर्षांखालच्या कुणालाही लढाईत उतरवू नये, असा करार संयुक्त राष्ट्रांनी २००० साली केला. तो १२ फेब्रुवारी २००२ पासून लागू झाला आणि भारतानेही तो पुढे मान्य केला. तरीही जगात काही ठिकाणी मुलांच्या हाती बंदुका दिल्या जातात. म्हणून दर १२ फेब्रुवारीला लाल रंगाच्या हाताचा ठसा उमटवून अनेक देशांतली मुलं निषेध करतात. बोटाला दिलेलं हे पंजाचं उत्तर!

पालकांना एक विनंती. मुलांशी बोलताना या चित्रांचा विषय जरूर काढा. बोट रोखणारी चित्रं युद्धातच असतात असं थोडंच आहे? जाहिरातीत असतात, निवडणुकीत असतात, मुलांच्या हातातल्या मोबाइलवर तर दिवसभर असतात. "हे घे", "तू मागे राहशील", "तुझे सगळे मित्र आले, तू कधी येणार?" मुलांना तीन प्रश्न विचारायची सवय लावू या. मला हे कोण सांगतंय? त्यात त्याचा फायदा काय? आणि यात काय दाखवलेलं नाही?

करून पाहा

१. तुमच्या किंवा आजोळच्या गावात महायुद्धाची शिळा आहे का, याचा शोध घ्या. चावडी, जुनी शाळा, देऊळ, वेस अशा जागा पाहा. अक्षरं पुसट असतील तर ओल्या फडक्याने हलकेच पुसा, खरवडू नका.

२. शिळेवरचा आकडा वहीत लिहून घ्या. मग गावातल्या सगळ्यांत वयस्कर आजी-आजोबांकडे जा आणि विचारा, "यातलं कुणाचं नाव तुम्हाला माहीत आहे का?" त्यांच्या आजोबांच्या वेळची गोष्ट आहे ती. एखादं नाव निघेल, एखाद्या घरी जुनं पदक किंवा पेन्शनचा कागद निघेल.

३. मिळालेलं प्रत्येक नाव शाळेच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहा. सोबत त्याच्या आईवडिलांचं, आळीचं नावही मिळालं तर लिहा.

एक नाव जरी सापडलं, तरी त्या शिळेवरचा एक आकडा पुन्हा माणूस होईल.